हजेरीपटाबाहेरचे नाव

आमच्या शेजारचे नवसू हवालदार रोज सकाळी सहा वाजता झाडांची हजेरी घेतात.

हा अलंकार समजू नये. इस्त्रीची खाकी अर्धी विजार, पांढराशुभ्र बनियन आणि काखेत काळ्या पुठ्ठ्याची वही अशा वेषात ते अंगणाच्या मधोमध उभे राहतात. घसा साफ करतात. वही उघडतात आणि पुकारा सुरू होतो. "चिकू एक." क्षणभर थांबून तेच, किंचित निराळ्या आवाजात, "हजर." "चिकू दोन." "हजर." असे सहा चिकू झाले की विहिरीकडचा फणस, गोठ्यामागचे जांभूळ, आणि मग ताड. ताडाचे "हजर" ते मान वर करून म्हणतात, कारण ते वरून यायचे असते. झाडांनंतर विहिरीची मोटार, सायकल, दोन शेळ्या आणि सर्वांत शेवटी कुत्रा. कुत्र्याचे नाव मेजर. हवालदाराच्या हाताखाली मेजर कसा, असे एकदा मी विचारले होते. "तो माझ्या हाताखाली नाही, मी त्याच्या सेवेत आहे," असे उत्तर मिळाले. त्या साऱ्या पलटणीत स्वतःच्या तोंडाने हजेरी देणारा मेजर एकटाच.

सात वर्षांपूर्वी तलासरीच्या शाळेत मराठी शिकवायला म्हणून मी या भागात आले आणि करवंदीच्या कुंपणापलीकडचे हे घर भाड्याने घेतले. पहिल्याच पहाटे अर्धवट झोपेत तो पुकारा कानी आला. खिडकीबाहेर भाताच्या खाचरांवर धुके साचले होते, विवळवेढ्याचा देवीचा डोंगर त्यात कमरेपर्यंत बुडाला होता, आणि त्या पांढऱ्या शांततेतून कुणीतरी एकेका झाडाला नावानिशी जागे करत होते. मला वाटले, स्वप्न अजून संपायचे आहे. आज सात वर्षांनंतरही ती हजेरी ऐकताना मी पुरती जागी असते असे नाही.

त्याच दिवशी त्यांची ओळख झाली. कुंपणापाशी येऊन त्यांनी विचारले, "नाव?"

मी सांगितले.

"पूर्ण."

मी वडिलांचे नाव जोडले, आडनाव जोडले.

"कागदावर असंच आहे?"

"हो."

"आधारवर?"

"तिथंही असंच."

"पेन्शनीच्या कागदात?"

"मला अजून पेन्शन नाही, काका."

"तरी बघून ठेवा," ते म्हणाले. "नोट करा, बाई. माणूस कागदात वेगळा आणि घरात वेगळा असला, की एक दिवस दोघंही बेपत्ता. क्लियर?"

'नोट करा' आणि 'क्लियर' या दोन शब्दांच्या मध्ये हवालदारांचे सारे संभाषण मावते. पूर्ण नाव विचारल्याशिवाय ते कुणाशी व्यवहार करत नाहीत. लग्नाची पत्रिका आली तर वधूवरांआधी निमंत्रकांची नावे तपासतात. वाणगावहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईलाही त्यांनी सोडले नव्हते. "भेंडी ताजी हाय, तेवढं बघा," ती टोपली उचलत म्हणाली होती, "नाव पुरं सांगून ती काय जास्त कवळी होनार हाय?"

इतक्या नावांचा हिशेब ठेवणाऱ्या या माणसाच्या तोंडी एक नाव मात्र कधीच आले नव्हते. ते त्यांच्या बायकोचे.

काकी त्यांच्याहून तीन-चार वर्षांनी लहान, सावळ्या, काटक, आणि हसू दाबताना डाव्या गालाला खळी पडणाऱ्या. हवालदार त्यांना हाक मारत ती "लंगर" अशी. पलटणीत स्वयंपाकघराला लंगर म्हणतात, हे मला मागाहून कळले. "लंगर, चहा." "लंगर, चष्मा कुठं आहे?" तिसऱ्या माणसाजवळ बोलताना बढती मिळून काकींचे 'हेडक्वार्टर' होई. "हेडक्वार्टरकडून परवानगी नाही," असे सांगून ते निमंत्रणे नाकारत. बायकोने नवऱ्याचे नाव घेऊ नये ही रीत ठाऊक होती. पण हवालदारांच्या घरात ती दोन्ही बाजूंनी पाळली जात होती. जोडीदाराचे नाव उच्चारले की त्याचे आयुष्य उणे होते, असे त्यांच्या आईने त्यांना लहानपणीच सांगून ठेवले होते. आणि पलटणीत जाताना वर बजावले होते, की परमुलखात बायकोचे नाव कुणाला सांगू नकोस, तिथे ते सांभाळायला आपले कुणी नसते.

या एका सूचनेतून पुढचे सगळे रामायण घडले. ते मला काकींनी सांगितले, वाल सोलता सोलता.

लग्नाला आठवडाही झाला नव्हता आणि हवालदारांना, तेव्हाच्या साध्या शिपायाला, परतीचा हुकूम आला. पलटणीच्या कचेरीत एका लांब टेबलामागे बाबू बसलेला. मागे नव्या लग्नाच्या जवानांची रांग, आणि रांगेत हसू. बाबूने विचारले, बीवी का नाम? नवसू गप्प. बाबूने पुन्हा विचारले. मागचा कुणीतरी म्हणाला, अरे, भूल गया क्या? घामाने निथळलेल्या नवसूने मनातल्या मनात गावच्या डोंगरावरच्या देवीला हाक मारली, की आई, तूच सोडव. मनातली हाक तोंडावाटे निघाली. बाबूने मान डोलावली, "अच्छा नाम है" म्हणाला, आणि लिहून टाकले.

"म्हणजे काय लिहिलं?" मी विचारले.

"महालक्ष्मी," काकी म्हणाल्या आणि वालाची साल लांब उडवली. "पन्नास वर्सं झाली. सरकारदरबारी मी डोंगरावरची देवी हाय. ह्यांना काय, देवीचे घरवाले."

निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या डिस्चार्ज बुकात तेच नाव उतरले. तेव्हा हवालदारांनी ते वाचले, वही मिटली आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवली. पुढे पंचवीस-तीस वर्षे ती तिथेच राहिली. सगळीकडे नावे तपासत फिरणाऱ्या माणसाची स्वतःची चूक कपड्यांच्या घडीखाली निजलेली होती.

तिला जाग आली ती उधवा गावच्या एका विधवेमुळे. हवालदारांच्याच पलटणीतला, उधव्याचा एक जुना सोबती वारला. त्याच्या कागदात बायकोचे माहेरचे नाव होते आणि तिच्या हातातल्या कार्डावर सासरचे. दोन वर्षे ती बाई पिशवीत कागद घेऊन पायऱ्या झिजवत होती, आणि प्रत्येक ठिकाणी तिला एकच प्रश्न विचारला जात होता: तुम्ही त्यांच्या कोण? हवालदार तिला भेटून आले त्या संध्याकाळी त्यांनी ओसरीवरचा दिवा लावला नाही. दुसऱ्या दिवशी हजेरी संपल्यावर वही मिटून ते थेट माझ्या दाराशी आले.

"बाई, मी चौऱ्याहत्तरचा आहे. नोट करा. उद्या मी गेलो, तर पेन्शनीच्या खिडकीवर देवीला बोलावतील. देवी डोंगर उतरून येणार नाही. आणि ही जाईल, तर हिला विचारतील, तू कोण." त्यांनी वही काखेत धरली. "अर्ज लिहायचा आहे."

अर्ज मी मोठ्या आस्थेने लिहिला. हवालदारांनी तो उभ्याने वाचला आणि खिशातली पेन्सिल काढली. "'डोंगराच्या पायथ्याशी विसावलेल्या आमच्या लहानशा पाड्यात' हे कशाला?"

"संदर्भ म्हणून."

"पिनकोड टाका. 'आयुष्याच्या उतरणीवर' म्हणजे?"

"वय."

"मग वय लिहा. बाई, विशेषणं म्हणजे जादा सामान. चढावर तेच पहिलं फेकतात." त्यांनी अर्धा अर्ज खोडला. उरलेल्या अर्ध्यात हवालदार होते, मी कुठेच नव्हते, आणि मान्य करायला हवे, तो अर्ज चांगला होता.

त्या अर्जासाठी काकींचे आधारकार्ड माझ्या हाती आले, तेव्हा त्यांचे नाव मी प्रथम वाचले. बुधी. बुधवारी जन्मली म्हणून बुधी. पाठची बहीण शुक्री. वारावरून नाव ठेवण्याची जुनी रीत इथल्या पाड्यांवर अजून कुठे कुठे आहे. मी ते मोठ्याने वाचले, तर हवालदारांनी चटकन बाहेर पाहिले, जणू कुणी झाकलेले भांडे उघडले होते.

काकींना मात्र या दुरुस्तीचे मुळीच कौतुक नव्हते. "राहू द्या ना," त्या म्हणत. "बुधीची महालक्ष्मी झाली, वरच्या हुद्द्यावर गेली. आता परत खाली उतरवता व्हय?"

"नियम आहे," हवालदार म्हणत.

"नियम त्या बाबूला सांगायचा व्हता. तवा तोंड उघडलं असतं तर."

यावर हवालदार चिकूच्या आळ्यात पाणी सोडायला जात.

पालघरच्या माजी सैनिकांच्या कार्यालयातल्या साहेबांनी कागदांची यादी हाती दिली. प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात, ग्रामपंचायतीचा दाखला, आणि महालक्ष्मी व बुधी या दोघी एकच आहेत असे दाखवणारा एखादा जुना पुरावा. डहाणूच्या टायपिंगच्या दुकानात जाहिरातीचा मजकूर दिला, तेव्हा दुकानदाराने चष्म्यावरून पाहत विचारले, "काका, आ महालक्ष्मी कोण छे?"

"माझी पत्नी."

"अने आ बुधी?"

"तीच."

"तो बे नथी ने?" त्याने खात्री करून घेतली. दोन बायका नाहीत ना, हे त्याचे विचारणे ऐकून काकी दुकानाच्या पायरीवर बसून पदर तोंडात कोंबून हसत राहिल्या. हवालदार 'सावधान' उभे होते.

जुन्या पुराव्यासाठी ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांचा आणि लोकरीचा थंड वास खोलीभर पसरला. तळाशी, डिस्चार्ज बुकाखाली, निळ्या आंतर्देशीय पत्रांचा एक गठ्ठा होता, बुटाच्या नाडीने बांधलेला. पत्रे गावच्या मास्तरांच्या अक्षरातली. मजकूर बहुतेक पावसापाण्याचा, शेळी व्यायल्याचा, भात कापल्याचा. खाली नाव नाही. नावाच्या जागी शाईतला अंगठा. आणि प्रत्येक अंगठ्यावर मधोमध एक बारीक तिरकी पांढरी रेघ, जणू ठशातून एक पायवाट गेली आहे.

"विळा लागला व्हता, लहानपणी," काकींनी आपला अंगठा पुढे केला. रेघ अजून तिथेच होती.

"पलटणीच्या पत्त्यावर पत्नीची पत्रं, आणि अंगठा हिचा. हा पुरावा चालेल," हवालदार म्हणाले आणि पत्रांची तारीखवार चळत लावू लागले. त्यातले सगळ्यात वरचे पत्र त्या अंगठ्यापाशी इतके झिजले होते, की कागद आरपार दिसत होता. ते त्यांनी चळतीत ठेवले नाही. खिशात ठेवले. मी खिडकीबाहेर पाहिले. ताडाच्या झावळ्या उन्हात वाजत होत्या.

सगळे कागद जमले. उरले फक्त प्रतिज्ञापत्रावरचे शिक्कामोर्तब, आणि तिथे घोडे अडले.

डहाणूच्या कचेरीत नायब तहसीलदार म्हणून एक तरुण बाई होत्या. आवाज मऊ, कामाला पक्क्या. त्यांनी प्रतिज्ञापत्र वाचले, हवालदारांना समोर उभे केले आणि म्हणाल्या, "काका, शपथ घेणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं असतं. तुमच्या पत्नीचं खरं नाव काय?"

हवालदारांनी कागदावर बोट ठेवले. "हे."

"ते मी वाचलं. तुम्ही सांगा."

"जे इथं लिहिलंय ते."

"मोठ्यानं, काका."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. "बाई सांगतील. त्या मराठी शिकवतात."

"शपथ त्यांची नाही."

हवालदारांनी छाती भरून श्वास घेतला. ओठ जुळले. 'ब' तिथवर आला असावा, कारण त्यांचे गाल किंचित फुगले. मग तो श्वास तसाच, काही न बोलता, बाहेर पडला. खोलीतला पंखा फिरत होता. मागच्या बाकावर काकी पिशवीचे बंद उलगडत होत्या आणि पुन्हा गुंडाळत होत्या.

बाईंना काय वाटले कोण जाणे, त्यांनी काकींना विचारले, "काकी, यांचं नाव काय?"

"नवसू रामा घाटाळ," काकी एका दमात म्हणाल्या. कचेरीतल्या चौघांनी वर पाहिले. हवालदारांनीही.

"पुढच्या बुधवारी या," बाई हसून म्हणाल्या. वार त्यांनी मुद्दाम निवडला होता की काय, मला सांगता येत नाही.

परतीच्या एसटीत हवालदार खिडकीपाशी बसले. "तू कशी काय बोललीस?" खिडकीला उद्देशून त्यांनी विचारले.

"आमाला उखाणा घालून घालून तोंडं उघडायला लावतात," काकी म्हणाल्या. "तुमाला कुणी अडवलं? नवरा मुका असला तरी खपतो."

हे ऐकून मला कल्पना सुचली. हवालदारांसाठी उखाणा रचावा. लय धरली, की नाव यमकाच्या ओढीने आपोआप बाहेर येईल. त्या संध्याकाळी मी ओसरीवर बसून तो रचला आणि कुंपणापलीकडे नेऊन वाचला:

खिंडीच्या माथ्यावर चंद्र उगवे कधी कधी,
त्याच्याकडे पाहून मनात म्हणे, बुधी.

"चंद्र नको," हवालदार लगेच म्हणाले.

"का?"

"सीमेवरच्या चौकीत चंद्र म्हणजे धोका. उजेडात आपण दिसतो. चंद्र उगवला की आम्ही देवाला नाही, ढगाला हाक मारायचो." त्यांनी पेन्सिल काढली. विचार करत मेजरच्या पाठीवरून हात फिरवला. मग स्वतःच म्हणाले:

"चौकीवर रेशन पोचायचं आधी,
मागाहून पोचायची चिठ्ठी, धाडणारी..."

आणि थांबले. तो उखाणा माझ्याहून उजवा होता. मी दुसरी ओळ तोंडाने पुरी करायला त्यांना किती विनवले. पण आठवडाभर तो यमकापाशी येई आणि थबके. सकाळी विहिरीवर, दुपारी गोठ्यात, "चिठ्ठी, धाडणारी..." एवढे ऐकू येई आणि पुढे पाण्याचा आवाज. आतून काकी ओरडत, "धाडणारी जिती हाय अजून, जेवायला या."

बुधवारी आम्ही पहिल्या एसटीने निघालो, ती डहाणूला फारच लवकर पोचली. कचेरी उघडायला अवकाश होता, म्हणून समुद्रावर गेलो. ओहोटी लागलेली होती. डहाणूच्या किनाऱ्यावर ओहोटीचे पाणी इतके लांब जाते, की समुद्र कुणीतरी घडी घालून बाजूला ठेवला आहे असे वाटते. करडी ओली वाळू, तिच्यात आकाशाचे तुकडे, आणि सुरूच्या झाडांतून येणारा तो अखंड, निजलेला आवाज. काकींनी चपला काढून हवालदारांजवळ ठेवल्या आणि पाण्याच्या दिशेने चालू लागल्या. चालता चालता लहान होत गेल्या. शेवटी उजेडाच्या त्या विस्तारात एक हिरवे पातळ तेवढे उरले.

"एवढ्या लांबून हाक मारायची, तर नाव लागेल," मी म्हटले. "लंगर म्हणून भागायचं नाही."

हवालदार हसले नाहीत. चपलांवरची वाळू ते झटकत होते.

"बाई, तुम्हांला वाटतं मी लाजतो," ते म्हणाले. "लाजत होतो. बाबूसमोर. तेव्हा बाविशीचा होतो. ती लाज केव्हाच गेली." त्यांनी दुसरी चप्पल उचलली. "वर चौकीवर सकाळची हजेरी मी घ्यायचो. एका सकाळी पुकारा करत होतो. एक नाव घेतलं. उत्तर नाही. मला वाटलं झोपलाय, म्हणून पुन्हा घेतलं, जोरात. मग बाजूचा म्हणाला, हवालदारसाब, वो तो कल..."

सुरूच्या झाडांनी ती जागा भरून काढली.

"नाव घेतलं की उत्तर यायला पाहिजे," ते म्हणाले. "झाडांचं बरं आहे. त्यांचं उत्तर मला देता येतं."

सात वर्षे जिला मी एका विक्षिप्त माणसाची करमणूक समजत आले होते, ती हजेरी मला त्या क्षणी पहिल्यापासून पुन्हा ऐकू आली. प्रत्येक 'हजर' निराळ्या आवाजातले, आणि प्रत्येक एकाच माणसाचे.

काकी परतल्या, ओटीत चार शिंपले घेऊन. "चला, उघडली असंल कचेरी. ह्यांचं तोंड उघडतं का बघू."

नायब तहसीलदारांनी तोच प्रश्न विचारला. मी मनातल्या मनात उखाण्याचा ठेका धरला. पण हवालदारांनी उखाणा म्हटला नाही. त्यांनी टाचा जुळवल्या, हात विजारीच्या शिवणीला लावले, आणि ज्या आवाजात ते ताडाला पुकारतात त्या आवाजात म्हणाले:

"बुधी नवसू घाटाळ."

बाहेरच्या व्हरांड्यात कुणाचे तरी बोलणे थांबले. हवालदार मात्र बाईंकडे पाहत नव्हते. ते मान वळवून मागच्या बाकाकडे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसले ते पुन्हा पाहावेसे वाटत नाही. काकींनी वर पाहिले. क्षणभर त्यांना उमगले नसावे, की ही हाक आहे. मग शाळेतली मुलगी करते तसा त्यांनी एक हात वर केला, शिंपल्यांच्या पिशवीसकट.

"झालं, काका," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "इथं सही करा."

एसटीत काकींनी त्यांना फैलावर घेतले. "एवढ्या मोठ्यानं? साऱ्या कचेरीला कळलं."

"शपथेवर हळू बोलत नाहीत," हवालदार म्हणाले. पण त्या दिवशी तलासरीच्या बाजारात उतरून त्यांनी पाव किलो जिलेबी घेतली, आणि दुकानदाराला पूर्ण नाव विचारायचे विसरले.

कागद पुढे गेले. त्यानंतर वाट पाहणे आले. करवंदीला फुले आली, मोहाचा गोड, जड वास दुपारच्या हवेत तरंगू लागला, ताडाला गोळे धरले. हजेरी रोज होत होती, जुन्याच क्रमाने. काकींचे नाव तिच्यात घ्या की आता, असे मी एकदा सुचवले.

"आदेश आल्याशिवाय नाव पटावर चढत नाही," हवालदार म्हणाले. "क्लियर?"

आदेश चैत्रात आला. पोस्टमनने पाकीट आणले, तेव्हा हवालदारांनी आधी त्याच्यावरचे स्वतःचे नाव तपासले आणि मग ते माझ्या हाती दिले. पत्र चार ओळींचे होते, एकही विशेषण नसलेले. अभिलेखात पत्नीचे नाव 'महालक्ष्मी' याऐवजी 'बुधी' असे दुरुस्त करण्यात आले आहे. मी ते दोनदा वाचून दाखवले. काकी उंबऱ्यावर उभ्या होत्या.

"म्हंजे आता ह्यांच्या माघारी मला कुणी इचारनार नाय, तू कोण म्हणून?"

"नाही, काकी."

"बरं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. जरा वेळाने हातात नारळ घेऊन बाहेर आल्या. डोंगरावर देवीची जत्रा भरली होती. "जाऊन येते. पन्नास वर्सं तिचं नाव वापरलं, परत द्यायला नको?"

संध्याकाळी डोंगर उतरून आल्या त्या कपाळभर कुंकू घेऊन. काय म्हणाली देवी, असे मी विचारले. "म्हनाली, जड नाय ना झालं?"

दुसऱ्या दिवशी मी सहाच्या आधीच जागी झाले. खाचरे कोरडी होती, धुके नव्हते. तरी सारे काही एका पातळ निळ्या पडद्यामागे असल्यासारखे दिसत होते. जत्रेतल्या ढोलाचा एक तुटका ठोका दुरून येत होता आणि हायवेवरच्या ट्रकांच्या आवाजात विरत होता. हवालदार अंगणात आले. चिकू एक, हजर. चिकू दोन, हजर. फणस, जांभूळ, ताड. मोटार, सायकल, शेळ्या. मेजर भुंकला. इथे वही मिटायची.

ती मिटली नाही. त्यांनी पान उलटले. घसा पुन्हा साफ केला.

"बुधी नवसू घाटाळ."

घरामागे भांडी घासण्याचा आवाज येत होता, तो थांबला. त्यापुढे काहीच ऐकू येईना. ताडाची झावळीदेखील हलत नव्हती. हवालदार समोर पाहत ताठ उभे होते. तो दुसरा आवाज, किंचित निराळा, त्यांच्या ओठांपाशी येऊन उभा असणार. पण त्यांनी तो आतच ठेवला. मी कुंपणाची एक फांदी घट्ट धरली होती, हे मला काटा रुतला तेव्हा कळले.

"हजर," घरामागून आवाज आला. "आनि चुलीवर दूध हाय, तिकडं बघा जरा."

हवालदारांनी पेन्सिल काढून वहीत खूण केली. ती नीट उमटली की नाही ते वही डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. दूध उतू जात असावे, त्याचा करपट वास कुंपणापर्यंत आला होता. पण हवालदार जागचे हलले नाहीत. नोंद पक्की व्हावी म्हणून असेल, त्यांनी तेच नाव पुन्हा एकदा पुकारले.